असर्ट कुठे टिकतो, कुठे गळून पडतो : बिल्ड सेटिंगचा हिशेब

लासलगावच्या कांदा बाजारात मालाची गाडी भुईकाट्यावर दोनदा चढते. आधी भरलेली, मग माल उतरवून रिकामी. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की मालाचे वजन हाती येते. समजा, हा हिशेब सी भाषेतल्या एका छोट्या फंक्शनकडे सोपवला आणि दोन्ही वजने ३२ बिटांच्या बिनचिन्ह पूर्णांकांत ठेवली. पिकअप भरलेली ३०५० किलो, रिकामी १८०० किलो, माल १२५० किलो. आता प्रोग्रामच्या भलत्याच कोपऱ्यातल्या चुकीमुळे हे आकडे उलट क्रमाने आत आले, तर १८०० वजा ३०५० याचे उत्तर उणे १२५० येत नाही. बिनचिन्ह पूर्णांकाला उणे ठाऊकच नसते. तो वळसा घेऊन ४,२९,४९,६६,०४६ दाखवतो, आणि चारशे एकोणतीस कोटी किलो कांद्याची पावती निमूट छापली जाते.

फंक्शनच्या पहिल्याच ओळीत असर्ट(भरलेले >= रिकामे) एवढे लिहिलेले असेल तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. कोणती अट मोडली, कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर मोडली, हे सांगून थांबतो. पण यात एक मेख आहे. ती ओळ कोडमध्ये ठसठशीत दिसत असली तरी तयार झालेल्या प्रोग्राममध्ये असेलच असे नाही. ती ठेवायची की काढायची हे बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करताना, दिलेल्या सेटिंगवर ठरते, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते सेटिंग त्यांनी स्वतः निवडलेलेच नसते.

(मॅक्रो, फ्लॅग आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची.)

एनडीबग नावाची कळ

सी आणि सी प्लस प्लसमध्ये असर्ट हा मॅक्रो आहे आणि तो असर्ट डॉट एच या हेडरमधून येतो. हा हेडर फाइलमध्ये ओढला जातो त्या क्षणी एनडीबग हे नाव डिफाइन झालेले असेल, तर त्यापुढच्या प्रत्येक असर्टची जागा काहीही न करणारे शून्य घेते. आतली अट तपासली जात नाही, तिचे मूल्यसुद्धा काढले जात नाही. एनडीबग डिफाइन नसेल तर अट तपासली जाते. ती खोटी ठरली की संदेश एरर आउटपुटवर जातो आणि अबॉर्ट बोलावला जातो. लिनक्सवर याचा अर्थ सिग्नल क्रमांक ६. शेलमध्ये एक्झिट कोड १३४ दिसला तर हाच प्रकार समजा, १२८ अधिक ६.

नाव डिफाइन आहे की नाही एवढेच पाहिले जाते, त्याची किंमत कोणी विचारत नाही. त्यामुळे 'असर्ट चालू राहू देत' म्हणून कमांड लाइनवर एनडीबग=० दिले की नेमके उलटे होते. नाव डिफाइन झाले, असर्ट गेले. काढायचेच असेल तर -यू फ्लॅगने एनडीबग अनडिफाइन करावे लागते. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर -डी (नाव डिफाइन करणारा) व -यू हे फ्लॅग डावीकडून उजवीकडे, दिलेल्या क्रमाने लावतात. शेवटचा जिंकतो.

आणखी एक गोष्ट. हेडर जितक्या वेळा ओढला जाईल तितक्या वेळा असर्टची व्याख्या नव्याने ठरते. म्हणून एकाच फाइलच्या अर्ध्या भागात असर्ट जिवंत आणि उरलेल्या भागात मेलेला, असेही होऊ शकते. मुद्दाम कोणी करत नाही, पण एखाद्या हेडरमध्ये कोणी एनडीबग डिफाइन करून ठेवला असेल तर घोळ होतो आणि सापडता सापडत नाही.

तीन वेगळ्या कळा, एकाच नावाखाली

सगळा गोंधळ डीबग आणि रिलीज या दोन शब्दांत आहे. या शब्दांमागे तीन स्वतंत्र निर्णय दडलेले असतात. कोड किती वेगवान करायचा, हे -ओ२ किंवा -ओ३ ठरवतो. डीबगरसाठी ओळी आणि व्हेरिएबलची माहिती ठेवायची का, हे -जी ठरवतो. असर्ट ठेवायचे का, हे एनडीबग ठरवतो. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. -ओ३ दिल्याने असर्ट जात नाही आणि -जी दिल्याने तो येत नाही. जीसीसी हाताने चालवलात आणि नुसता -ओ२ दिलात तर सगळे असर्ट जागच्या जागी असतात.

सीमेक या बिल्ड साधनाने मात्र या तिघांच्या मोळ्या बांधून त्यांना नावे दिली. जीसीसी किंवा क्लँग असेल तर त्याचे डीबग म्हणजे फक्त -जी. रिलीज म्हणजे -ओ३ आणि एनडीबग. रेल-विथ-डेब-इन्फो म्हणजे -ओ२, -जी आणि एनडीबग. मिन-साइझ-रेल म्हणजे -ओएस आणि एनडीबग. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. रेल-विथ-डेब-इन्फो या नावात डीबगचा वास आहे म्हणून त्यात असर्ट असतील असे वाटते, नसतात. दुसरे, बिल्ड टाइप दिलाच नाही तर यातले काहीच लागत नाही. मग असर्ट चालू असतात आणि कोड मात्र गोगलगायीच्या गतीने चालतो. 'आमचा प्रोग्राम लिनक्सवर इतका संथ का?' या तक्रारीचे मूळ कित्येकदा तेवढेच असते.

वेग हवा आणि असर्टही हवेत, ही पाचवी मोळी सीमेकमध्ये तयार मिळत नाही, आणि आमच्या मते टेस्टिंगसाठी तीच सर्वांत उपयोगी आहे. ती बनवायला बरेच जण सीमेक_सीएक्सएक्स_फ्लॅग्समध्ये एनडीबगचा -यू टाकतात आणि काहीच फरक पडत नाही. कारण क्रम. सीमेक आधी हे सर्वसाधारण फ्लॅग लावतो, नंतर रिलीजचे. म्हणजे तुमचा -यू आधी येतो आणि सीमेकचा -डी मागाहून येऊन त्यावर पाणी फिरवतो. दोन उपाय आहेत. सीमेक_सीएक्सएक्स_फ्लॅग्स_रिलीज हेच व्हेरिएबल बदलून त्यात फक्त -ओ२ आणि -जी ठेवा. सी कोडसाठी सी_फ्लॅग्स_रिलीजही तसेच बदला. किंवा टार्गेट_कंपाइल_ऑप्शन्समधून -यू द्या, ते रिलीजच्या फ्लॅगनंतर लागतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर दुसरा उपाय चालतो, पण एक फ्लॅग दुसऱ्यावर मात करतोय असा डी९०२५ क्रमांकाचा इशारा प्रत्येक फाइलला येतो. तिथे पहिलाच बरा.

व्हिज्युअल स्टुडिओ वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तिथे सीमेकचा बिल्ड टाइप कॉन्फिगर करताना दिला तरी तो मानला जात नाही. कोणते कॉन्फिगरेशन हवे ते बिल्डच्या आज्ञेत सांगावे लागते. शिवाय तिथे अंडरस्कोअर-डीबग हे दुसरे नाव आहे. डीबग रनटाइम निवडला की कंपायलर ते स्वतः डिफाइन करतो आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा असर्ट-ई मॅक्रो त्याच्याकडे बघून चालतो, एनडीबगकडे नाही.

बाकीची बिल्ड साधने आपापल्या स्वभावाची आहेत. मेसॉनमध्ये बी_एनडीबग हा पर्याय मुळात बंद असतो, म्हणजे रिलीज बिल्डमध्येही असर्ट राहतात. रिलीजपुरते काढायचे असतील तर त्याला इफ-रिलीज ही किंमत द्यायची. साधी मेकफाइल आपणहून काही करत नाही. एसक्यूलाइटने तर गाडी उलटी फिरवली आहे: एसक्यूलाइट_डीबग दिले नाही तर तिचा कोड एनडीबग स्वतःच डिफाइन करतो, कारण असर्ट चालू असताना तो डेटाबेस साधारण तिप्पट संथ चालतो. पायथॉनमध्ये -ओ दिला की असर्ट जातात. जावात ते मुळात बंद असतात आणि चालवताना -ईए दिल्यावर जागे होतात, पुन्हा कंपाइल करावे लागत नाही.

आपल्या बायनरीत असर्ट आहेत का?

अंदाज बांधत बसू नका. लिनक्सवर ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी वापरून बनलेल्या प्रोग्राममध्ये असर्ट मोडल्यावर असर्ट-फेल नावाचे फंक्शन बोलावले जाते; त्या नावाआधी दोन अंडरस्कोअर असतात. एनएम आज्ञेला -यू (इथे लहान रोमन अक्षर) देऊन बायनरीतली बाहेरून येणारी नावे काढा आणि त्यात हे नाव शोधा. सापडले तर निदान काही असर्ट आत आहेत. एकही नसेल तर सगळे गळाले, किंवा मुळात नव्हतेच. प्रत्येक फाइलला नेमके कोणते फ्लॅग लागले हे पाहायचे असेल तर मेकला व्हर्बोज=१ द्या, निंजाला -व्ही द्या आणि कमांड वाचा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि त्यातून निघणारी उत्तरे कधी कधी थक्क करतात.

असर्टच्या पोटात काम ठेवू नका

असर्ट(रांगेतून_काढ(पावती) == यशस्वी) ही ओळ बघा. डीबगमध्ये रांगेतून पावती निघते आणि निघाली का तेही तपासले जाते. रिलीजमध्ये पूर्ण ओळच जाते, त्यासोबत पावती काढण्याचे कामही जाते. रांग भरत राहते. कार्यालयात सगळे छान, बाजारात गेल्यावर बोंब. उपाय सोपा: आधी फंक्शन बोलवा, उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग त्या व्हेरिएबलवर असर्ट लावा. पण तसे केले की रिलीजमध्ये ते व्हेरिएबल वापराविना पडून राहते, कंपायलर इशारा देतो, आणि इशाऱ्यालाच चूक मानणारा डब्ल्यू-एरर लावलेला असेल तर बिल्ड मोडतो. सी प्लस प्लस १७ मध्ये त्या व्हेरिएबलला मेबी_अनयूज्ड ही खूण लावा, जुन्या सीमध्ये व्हॉइडचा कास्ट करा. क्लँग-टायडीत असर्टमधले दुष्परिणाम शोधणारी बगप्रोन-असर्ट-साइड-इफेक्ट ही तपासणी आहे. ती कायम चालू ठेवावी.

असर्ट कशावर लावायचा, हा प्रश्न याहून मोठा. काट्यावरून सिरियल केबलने आलेला आकडा बाहेरचा आहे. केबल सैल होऊ शकते, काटा शून्य पाठवू शकतो, माणूस चुकीची गाडी निवडू शकतो. तिथे साधा इफ हवा, ऑपरेटरला समजेल असा संदेश हवा, आणि ती तपासणी प्रत्येक बिल्डमध्ये हवी. तो इफ ओलांडून आत आलेल्या आकड्यांबाबत 'इथे हे असे असायलाच हवे, नसेल तर आमच्याच कोडमध्ये चूक आहे' असे जिथे म्हणता येते, ती असर्टची जागा. असर्ट काढल्यावर प्रोग्राम असुरक्षित होत असेल तर तो असर्ट चुकीच्या ठिकाणी होता.

कंपायलरच्या स्वतःच्या पोटातले असर्ट

कंपायलर हाही एक प्रोग्रामच, आणि त्याच्या लेखकांनी त्यात हजारो असर्ट पेरून ठेवले आहेत. 'या टप्प्यावर या नोडला दोनच फाटे असतील', 'या मूल्याचा प्रकार पूर्णांकच असेल' अशा धर्तीचे. तुम्ही डाउनलोड केलेल्या क्लँगमध्ये ते सहसा बंद असतात, कारण चालू ठेवले की कंपाइल व्हायला लक्षणीय वेळ लागतो. पण अट मोडल्यावर न थांबणारा कंपायलर पुढे जाऊन भलत्या ठिकाणी कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा कोड गुपचूप बनवून देतो. कंपायलरमध्ये फेरफार करायचे असतील, स्वतःचा पास (कोडवरून फिरून तो तपासणारा किंवा बदलणारा कंपायलरमधला टप्पा) लिहायचा असेल, तर असर्ट चालू असलेला बिल्ड लागतोच.

क्लँग ज्याचा भाग आहे त्या एलएलव्हीएम प्रकल्पात यासाठी एलएलव्हीएम_एनेबल_असर्शन्स हा पर्याय आहे. बिल्ड टाइप डीबग असेल तर तो आपोआप चालू, बाकी सगळीकडे बंद. अनुभवाचा सल्ला असा की बिल्ड टाइप रिलीज ठेवावा आणि हा पर्याय स्वतः ऑन करावा. मग एलएलव्हीएमची सीमेक फाइल एनडीबग अनडिफाइन करते आणि सीमेकने रिलीजच्या फ्लॅगमध्ये घातलेला एनडीबग खरवडूनही काढते. पूर्ण डीबग बिल्डच्या नादी लागू नका. त्याला १५ ते २० जीबी डिस्क लागते, लिंकर रॅम गिळतात, आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर चारपाच लिंक एकदम सुरू झाल्या की मशीन बसलेच म्हणून समजा. तरीही करायचाच असेल तर एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स १ वर आणा.

बिल्ड झाल्यावर एलएलव्हीएम-कॉन्फिगला असर्शन-मोड विचारा. ऑन किंवा ऑफ असे सरळ उत्तर मिळते. दुसरी खूण म्हणजे -डीबग-ओन्ली हा पर्याय. एकाच पासचे डीबग संदेश छापणारा हा पर्याय असर्ट नसलेल्या बिल्डमध्ये अस्तित्वातच नसतो, 'अनोळखी आर्ग्युमेंट' असा जवाब येतो. पुण्या-नाशिकच्या अभियांत्रिकी कॉलेजांतली मुले प्रोजेक्टसाठी एखादे ट्युटोरियल उघडतात, उबंटूच्या पॅकेजमधून एलएलव्हीएम घेतात आणि इथेच अडकतात. ट्युटोरियल बरोबर असते, बिल्ड वेगळा असतो.

एलएलव्हीएमची आणखी एक खोड आहे. असर्ट चालू असताना त्यातल्या काही क्लासमध्ये तपासणीसाठी जादा सदस्य येतात, म्हणजे त्यांचा आकार बदलतो. असर्टवाल्या लायब्ररीला बिनअसर्टचा प्लगइन जोडला तर दोघांच्या मते एकाच वस्तूची मापे वेगळी, आणि मेमरीचा चिवडा होतो. म्हणून त्यांनी एलएलव्हीएम_एबीआय_ब्रेकिंग_चेक्स हा वेगळा पर्याय ठेवला. तो साधारणपणे असर्टच्या मागे चालतो, पण जबरदस्तीने चालू किंवा बंदही करता येतो. माप जुळले नाही तर लिंक करतानाच एनेबल-एबीआय-ब्रेकिंग-चेक्स किंवा डिसेबल-एबीआय-ब्रेकिंग-चेक्स हे नाव सापडत नसल्याची तक्रार येते. ती तक्रार म्हणजे उपकार समजावा. स्वतःच्या लायब्ररीतही हेच पथ्य: हेडरमधल्या स्ट्रक्टचा आकार एनडीबगवर अवलंबून ठेवू नका.

जीसीसीचा मार्ग वेगळा. तिथे एनडीबगशी संबंध नाही. कॉन्फिगर करताना --एनेबल-चेकिंग देऊन यादी सांगायची. रिलीज म्हटले की असर्ट आणि रनटाइम या स्वस्त तपासण्या राहतात. येस म्हटले की ट्री, जिंपल, टाइप्स वगैरेंचीही भर पडते. आरटीएल, जीसीएसी आणि व्हॅलग्राइंड या महागड्या तपासण्या नाव घेऊन मागाव्या लागतात. विकासशाखेतून बिल्ड केला तर काही न सांगता येस आणि एक्स्ट्रा लागू होते, प्रकाशित आवृत्तीतून केला तर रिलीज. म्हणजे रोजच्या वापरातल्या जीसीसीत मूलभूत असर्ट जिवंत असतात. नो देऊन तेही काढता येतात, पण थोड्याशा वेगासाठी चुकीचा कोड बनण्याचा धोका वाढतो, असे जीसीसीचे दस्तऐवज स्वतःच बजावतात. काही अंतर्गत तपासण्या तयार कंपायलरवरही -एफचेकिंग देऊन चालू करता येतात.

रस्ट या भाषेने नावातच फरक केला. असर्ट! कायम चालतो, डीबग_असर्ट! सेटिंग पाहून चालतो. कार्गो या तिच्या बिल्ड साधनाच्या डेव्ह प्रोफाइलमध्ये डीबग-असर्शन्स चालू, रिलीजमध्ये बंद. रिलीज प्रोफाइलखाली ते ट्रू करून टाकायला एक ओळ पुरते. ओव्हरफ्लो-चेक्स ही वेगळी कळ, पण तीही मुळात डेव्हमध्ये चालू आणि रिलीजमध्ये बंद असते. वरचा कांद्याचा हिशेब रस्टमध्ये असता तर डेव्ह बिल्डमध्ये वजाबाकीवरच पॅनिक झाला असता, रिलीजमध्ये मात्र तीच ४२९ कोटींची पावती. खुद्द रस्टसी हा रस्टचा कंपायलर बिल्ड करताना त्याचे स्वतःचे असर्ट आणि त्याच्या पोटातल्या एलएलव्हीएमचे असर्ट यांच्या कळा निरनिराळ्या आहेत. एक लावून दुसरी लागली असे गृहीत धरू नये.

तपासणीचे वचन होते तेव्हा

'इथे कोड कधी पोहोचणारच नाही' असे सांगणारे मॅक्रोही असतात, जसे एलएलव्हीएम_अनरीचेबल. असर्टवाल्या बिल्डमध्ये तिथे पोहोचलात तर संदेश देऊन प्रोग्राम थांबतो. साध्या रिलीजमध्ये मात्र तो मॅक्रो नुसता नाहीसा होत नाही, कंपायलरला दिलेले वचन बनतो, आणि ऑप्टिमायझर त्या वचनावर विसंबून आजूबाजूचा कोड छाटतो. वचन खोटे निघाले तर प्रोग्राम पुढच्या कुठल्याही फंक्शनमध्ये घुसू शकतो. स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये असा मॅक्रो बनवण्याआधी चारदा विचार करा. वेगात पडणारा फरक बहुधा मोजण्याजोगाही नसतो.

बोर्डावरचा असर्ट

सातपूर-अंबडच्या पट्ट्यात कंट्रोलर बोर्डासाठी कोड लिहिणाऱ्यांचे प्रश्न थोडे निराळे. प्रत्येक असर्टसोबत अटीचा मजकूर आणि फाइलचा पूर्ण मार्ग फ्लॅशमध्ये जाऊन बसतो. ६४ केबीच्या चिपमध्ये ते परवडत नाही, म्हणून लोक सरसकट एनडीबग लावून मोकळे होतात. त्याआधी -एफमॅक्रो-प्रीफिक्स-मॅप देऊन मार्ग छोटे करून बघा. किंवा मजकूर टाकून देऊन फक्त फाइल क्रमांक व ओळ क्रमांक ठेवणारा स्वतःचा मॅक्रो लिहा. दुसरे, बोर्डाला स्क्रीन नाही आणि अबॉर्टला जायला जागा नाही; न्यूलिब या बोर्डांसाठीच्या छोट्या सी लायब्ररीत तो बहुधा अनंत लूपमध्ये अडकतो आणि मोटर फिरतच राहते. न्यूलिबचे असर्ट-फंक, यालाही आधी दोन अंडरस्कोअर, स्वतः लिहिता येते. त्यात क्रम असा ठेवा: आधी इंटरप्ट बंद, मग सर्व आउटपुट सुरक्षित स्थितीत, मग ओळ क्रमांक रीसेटनंतरही टिकणाऱ्या मेमरीत, शेवटी रीसेट. चालू झाल्यावर तो क्रमांक वाचून लॉगमध्ये टाका.

तक्रार नोंदवताना

कंपायलरच कोसळला तर तक्रारीत त्याचा बिल्ड कोणता, हे आधी लिहा. जीसीसी -व्ही दिले की कॉन्फिगर करतानाची पूर्ण ओळ दिसते, तीत चेकिंगचा उल्लेख असतो किंवा नसतो. क्लँग कोसळला तर प्रीप्रोसेस केलेला सोर्स आणि चालवायची स्क्रिप्ट तो टेम्प फोल्डरमध्ये स्वतः ठेवतो. त्या दोन्ही फाइल जोडा. स्वतः एलएलव्हीएम बिल्ड करण्याइतकी सवड नसेल तर कंपायलर एक्सप्लोरर या संकेतस्थळावर असर्शन्स चालू असलेला क्लँग यादीत मिळतो. तिथे तोच कोड टाका. साध्या क्लँगने नुसता स्टॅक ट्रेस दिला असेल, तिथे हा मोडलेली अट, फाइल आणि ओळ देतो. तक्रारीच्या शीर्षकात तीच अट जशीच्या तशी टाका, म्हणजे आधी कोणी नोंदवली असेल तर शोधताना सापडते.